रादोमीर, नवं कार्ड आलं ना

रादोमीर, ऐकलं, नवं ग्राफिक्स कार्ड आलं तुझ्याकडे.
सहा महिने ओव्हरटाइम, ग्दिनियाच्या गोदीत
उणे अकरा अंशांत क्रेनवर बसून कमावलेलं.
बायको म्हणाली, खोकं अजून फेकू देत नाहीस,
पलंगाखाली ठेवलंयस, मांजर त्यात झोपते.

आता जो तो तुला तेच सांगेल:
तो गेम घे, ज्यात घोड्याच्या आयाळीचा केस न् केस हलतो,
तो घे, ज्यात डबक्यात अख्खं शहर उलटं दिसतं.
घे की. नव्याचे नऊ दिवस, ते तरी का सोडायचे?
दहाव्या दिवशी माझ्याकडे ये,
किंवा नको येऊस, बाहेर निसरडं आहे,
हे वाच.

'सात नंबरचा पूल'.
तू टोलवाला. गाड्या येतात, काचा खाली होतात,
कोणी पैसे देतं, कोणी थाप मारतं. एवढंच.
पण तिसऱ्या रात्री एक बाई
चिल्लर मोजता मोजता रडायला लागते,
मागे हॉर्नवर हॉर्न,
आणि दांडा वर करायचं बटण तुझ्या हाताशी.
मी काय केलं ते विचारू नकोस.

'शेवाळ'. नावावर जाऊ नकोस.
जगात चारशे जणांनी विकत घेतला असेल,
त्यातल्या दोन प्रती माझ्या, एक चुकून.
त्यात तू दगडावर वाढतोस.
शत्रू नाही, गुण नाहीत,
ओल कुठून येतेय तेवढं ओळखायचं.
जुन्या मशीनचा पंखा असा घोंघावायचा
की वरच्या याद्विगाबाई काठीने जमीन ठोकायच्या.
तुझा पंखा म्हणे हूं की चूं करत नाही.
मग रात्री कान दे: शेवाळाला आवाज आहे.
आपल्याला सहा वर्षं पत्ताच नव्हता.

आणि 'परतीची बोट'.
क्साव्हेरीने आणलेला. त्याची खोली, ट्रॉलीबस डेपोच्या मागे,
एका हीटरभोवती आपण तिघं;
ज्याची पाळी नसेल त्याने
डब्याच्या उघड्या पोटाला पुठ्ठ्याने वारा घालायचा.
शेवटी धक्क्यावरचा म्हातारा हात वर करतो.
किती हळू! वीस सेकंद तरी.
बर्फही तसाच, कण न् कण विचार करून पडणारा.
क्साव्हेरी म्हणाला, बघा, त्याला निरोप द्यायचाच नाहीये.
तू नाक शिंकरलंस. सर्दी, म्हणालास.

मागच्या महिन्यात मीही मशीन बदललं.
तुझ्याइतकं नाही, सेकंडहँड, पण दणकट.
पहिला तोच लावला.
म्हातारा आला, हात हलवला, वळला, गेला.
दोन सेकंद.
बस चुकेल म्हणून निघाल्यासारखा.
म्हणजे तो जडपणा त्याचा नव्हताच,
आपल्या डब्याला झेपत नव्हतं, इतकंच.

क्साव्हेरीला कळवलं, बर्गनला.
तो तिथे मासे सोलायच्या कारखान्यात असतो.
तीन आठवड्यांनी एक ओळ आली:
'आपण रडलो ते परत मागू नका.'

सेटिंगमध्ये अगदी तळाशी वेगाची एक पट्टी आहे.
नऊवर ओढली की सगळं पूर्वीसारखं दिसतं.
मी ओढून पाहिली.
हात वर जात होता आणि मी सेकंद मोजत बसले.

तेव्हा तू पूर्ण वेगातच खेळ.
आणि धक्क्यावर आलास की एक काम कर.
माझ्या पडद्यावर म्हाताऱ्याची बोटं लालसर दिसतात.
तो रंगांचा डाग आहे,
की त्याने हातमोजे घातलेलेच नाहीत?
जुन्या मशीनवर तिथे नुसता करडा चौकोन होता.
तुझं कार्ड सांगेल.
जवळ जाऊन बघ, आणि लगेच फोन कर,
मी रात्रपाळीला आहे, वजनकाट्यावर,
तीनपर्यंत एकही ट्रक येत नाही.